तिसऱ्या पिनची जागा

१

तुमच्या घरी जुना वॉकमन आहे का हो? माळ्यावर, लोखंडी पेटीत, कुणाच्या तरी जुन्या स्वेटरखाली? असला तर बाहेर काढा आणि हेडफोनची पिन घालायला त्याला किती भोकं आहेत ते एकदा मोजा. एक असेल तर काहीच नाही. दोन असली तरी घाबरायचं कारण नाही. पूर्वी तसे निघत असत, आणि आमच्या प्रेमिलाच्या वहीत त्यांच्यासाठी अख्खी सात पानं आहेत.

प्रेमिला नंदनवनला राहते. दोन खोल्या, स्वयंपाकघर, खिडकीला कूलर. तिचे यजमान कृष्णकांत यांनी इतवारीत, भांडेवाल्यांच्या ओळीमागच्या एका दुकानात छत्तीस वर्षं रेडिओ आणि टेप दुरुस्त केले. प्रेमिला बारावीपर्यंत शिकलेली. लग्न होऊन आल्यावर ती दुपारी त्यांचा डबा घेऊन दुकानात जायची आणि तिथंच शेजारी बसून तारेला कथलाचा टाका मारायला शिकली. पुढे दुकान बंद झालं, पण जुने वॉकमन जमवणारे हौशी लोक निघाले. त्यांना नुसता वॉकमन नको असतो, तो कारखान्यातून कितव्या खेपेला निघाला हे हवं असतं. ते ओळखून सांगण्याचं काम आता प्रेमिला करते.

हारुमी नावाचं एक यंत्र तर तिला तळहातासारखं ओळखीचं आहे. पहिल्या खेपेला पिनची दोन भोकं. एकाशेजारी पुरुषाचं इवलंसं चित्र, दुसऱ्याशेजारी बाईचं, म्हणजे दोघांनी मिळून एक गाणं ऐकावं. वरच्या अंगाला एक नारिंगी बटण. ते दाबून धरलं की गाणं दबतं आणि आतल्या माइकमधून दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येतं. दुसऱ्या खेपेत चित्रं जाऊन अक्षरं आली. तिसऱ्या खेपेत बटण होतं पण आत माइकच नव्हता, उरलेली खोकी संपवायची होती म्हणून. चौथीपासून एकच भोक. झाकणाचा स्क्रू चपटा की फुलीचा, मोटरचा पट्टा काळा की तपकिरी, मोटरवरच्या कागदाची छपाई कशी, हे सगळं पाहून प्रेमिला खेप ठरवते आणि लांब निळ्या वहीत लिहून ठेवते.

या कामाचा एकच कडक नियम कृष्णकांतांनी तिला शिकवला होता. एका यंत्राचा भाग दुसऱ्यात घालायचा नाही. तसं केलेल्याला ते खिचडी म्हणत.

"खिचडीले खेप नसते वं," ते म्हणत. "ते कोणाचंच नसते."

आता कृष्णकांतांच्या कानांचं सांगते. तीन वर्षांपूर्वी त्यांना ऐकू येईनासं झालं. कानात घालायचं मशीन आणलं, ते शिट्ट्या मारायचं, म्हणून खणात जाऊन पडलं. मग ज्या माणसानं जन्मभर आवाज दुरुस्त केले तो भिंतीकडे बघत बसू लागला. बोलणंही सोडलं. सहा महिने त्यांनी बायकोला हाक मारली नाही. प्रेमिला ताट वाढायची, ताट उचलायची, आणि मधल्या वेळात तिला वाटायचं की या घरात आपण एकटीच राहतो.

एक दिवस पहिल्या खेपेचा हारुमी तपासताना तिनं गंमत म्हणून एक हेडफोन त्यांच्या डोक्याला लावला, दुसरा स्वतःच्या. नारिंगी बटण दाबलं आणि म्हणाली, "अहो, चहा घेता का?"

कृष्णकांत दचकले. मग मोठ्यानं म्हणाले, "घेतो ना वं!" आणि रडायलाच लागले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच वाजता हा नेम. आधी चहा, थोडी सुंठ घातलेला. तो प्रेमिलाच करणार. कृष्णकांतांना गॅसची चावी कोणत्या बाजूला फिरते तेही ठाऊक नाही. मग कूलर बंद, कारण माइक त्याचा घरघराट ओढतो. समोरासमोर दोन खुर्च्या, मध्ये तिपाई, तिपाईवर हारुमी. बटणावर प्रेमिलाचा अंगठा. तासभर दोघं बोलत. त्या बटणानं तिच्या अंगठ्याला घट्टा पडला होता.

२

एप्रिलच्या सुरुवातीला एका संध्याकाळी तिनं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. माइक मेला होता. तिनं बाजारातले सुटे दोन माइक लावून पाहिले, नव्या बनावटीचे. दोन्हींतून नुसता भुणभुणाट आला.

पहिल्या दिवशी तिनं पाटीवर लिहिलं, "माइक गेला. करते काहीतरी." कृष्णकांतांनी वाचलं, "बरं," म्हणाले. दुसऱ्या दिवशी पाटी वाचून नुसती मान हलवली. तिसऱ्या दिवशी पाटीकडे पाहिलंच नाही. चौथ्या दिवशी खुर्ची भिंतीकडे वळवलेली होती.

ती वळवलेली खुर्ची पाहून प्रेमिलानं पाटी खाली ठेवली. ते सहा महिने पुन्हा तिला झेपणार नव्हते. भर दुपारी डोक्याला ओढणी गुंडाळून ती ऑटोनं इतवारीत गेली, भैय्याजी भंगारवाल्याकडे.

"अरे वहिनी, एवढ्या उन्हात? दादांनी हाकलून देलं का काय?"

"हाकलाले बोला लागते भैय्याजी. ते तं तोंडच नाही उघडून राहिले. हारुमी आहे का एखादा?"

"हारुमी-बारुमी मले नाही समजत. मले सब डब्बे एकसारखेच दिसते. तो बोरा पडला आहे, घ्या निवडून. पण पाणी प्या आधी, नाही तं इथंच पडसान आन दादा माझ्या नावानं बोंबलतीन."

पोत्यात रिमोट होते, तुटके रेडिओ होते, कॅल्क्युलेटर होते. अगदी तळाशी तिच्या बोटांना ओळखीची धार लागली. हारुमी. निळा, जड, पहिल्या खेपेसारखा. नारिंगी बटण जागेवर.

"हा कुठून आला?"

"आता बोऱ्याले काय पत्ता असते का वहिनी? घ्या, घेऊन जा. कधीचा पडून आहे, कोणी हातच नाही लावत त्याले."

३

घरी येऊन तिनं मागच्या खोलीतल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, भिंग घेतलं, वही उघडली. नेहमीची रीत. स्क्रू चपटे. पट्टा तपकिरी. छपाई जपानी. पहिली खेप. तिनं तसं लिहिलंही, आणि मग यंत्र आडवं करून पिनची बाजू पाहिली.

पुरुषाचं चित्र, भोक. बाईचं चित्र, भोक. आणि पुढे आणखी एक भोक.

आधी तिला वाटलं कुणीतरी हौसेनं पाडलं असेल. असले उद्योग तिनं पुष्कळ पाहिले होते. पण गिरमिटानं पाडलेल्या भोकाची कड खरबरीत असते, रंग उडालेला असतो. या भोकाची कड बाकीच्या दोन्हींसारखीच गुळगुळीत होती. आत तसंच पितळी कडं. शेजारी चित्रासाठी छोटासा लांबट खोलगा होता, तोही साच्यातलाच. त्यात चित्र मात्र नव्हतं.

पुरुष, बाई, आणि मग कोण? मूल म्हणावं तर मुलाचं चित्र काढायला काय हरकत होती?

तिनं विक्रमला फोन लावला. विक्रम रामदासपेठेतला दातांचा डॉक्टर. जुने वॉकमन जमवायचा नाद, आणि प्रेमिलाच्या शब्दावर पूर्ण विश्वास.

"तीन?" तो म्हणाला. "काकू, तीनचा निघालाच नाही."

"माझ्यासमोर आहे ना बाळा. मोजून राहिले मी."

"मग त्याला काही करू नका. साफही करू नका, आतलं काही हलवू नका. मी हैदराबादला आहे, रविवारी सकाळी येऊन घेऊन जातो. प्लीज काकू."

"नाही हलवत," प्रेमिला म्हणाली.

फोन ठेवून तिनं दारातून पुढच्या खोलीत पाहिलं. कृष्णकांतांची पाठ दिसली. भिंतीकडे वळवलेली खुर्ची, खाली गेलेले खांदे, आणि मानेवर कूलरच्या वाऱ्यानं हलणारे पांढरे केस.

माइकची पट्टी नखाएवढी असते. चार टाके सोडवले की निघते, चार मारले की बसते. शनिवारी परत काढून ठेवू, विक्रमला कळणारही नाही, असं तिनं स्वतःला सांगितलं. एकतीस वर्षांत तिनं कधी खिचडी केली नव्हती. त्या दिवशी केली. कृष्णकांतांना सांगितलं नाही, वहीतही लिहिलं नाही.

४

तो मंगळवार होता. पाच वाजता चहा झाला, कूलर बंद झाला. तिनं खुर्ची वळवली, हेडफोन त्यांच्या डोक्याला लावला, आपला लावला, बटण दाबलं.

"अहो, ऐकू येते का?"

कृष्णकांतांचा चेहरा असा उजळला की तिला खिचडीबिचडी सगळं विसरायला झालं. "अवं, किती साफ येऊन राहिलं! पहिल्यापेक्षाही साफ. काय केलं तू?"

"केलं काहीतरी. तुमचीच तं शिष्या आहो मी."

"शिष्या म्हणे. पहिल्या दिवशी दुकानात आली तं पेचकस उलटा धरला होता."

"आन तुम्ही डबा उलटा धरला होता. सगळी आमटी पँटवर."

दोघं हसले. बोलणं त्या पहिल्या दिवसावर गेलं. लग्नाला आठ दिवस झालेले, ती डबा घेऊन इतवारीत आली आणि गल्लीच्या तोंडाशी तिच्या चपलेचा अंगठा तुटला. कृष्णकांतांनी तिला दुकानात बसवून रेडिओच्या तांब्याच्या तारेनं चप्पल बांधून दिली. चांगला तासभर लावला.

आणि तेव्हा तिला हेडफोनमध्ये आवाज आला. *टक.*

भोकात पिन बसताना होतो तसा. अगदी तसाच, हा आवाज तिनं आयुष्यात हजारो वेळा ऐकला होता. पाठोपाठ श्वास. तिचा नाही, त्यांचा नाही. कुणीतरी तोंड किंचित उघडं ठेवून, हालचाल न करता ऐकत असावं, तसा.

"अहो," ती म्हणाली, "कोणीतरी ऐकून राहिलं."

"ऐकू दे ना वं," कृष्णकांत म्हणाले. "आपल्या बुढ्ढा-बुढ्ढीचं कोणाले पडलं आहे?"

श्वास थांबला नाही, पण वाढलाही नाही. माइक जुना आहे, आवाज फिरून येत असेल, ती मनाशी म्हणाली. त्या चपलेबद्दलची एक गोष्ट तिच्या ओठांवर आली होती. एकतीस वर्षांत ती तिनं कुणाला सांगितली नव्हती. कधीतरी फक्त यांनाच सांगायची म्हणून जपून ठेवलेली. पण तो श्वास ऐकून तिला संकोच वाटला. आज नको, ती म्हणाली मनात. असू दे एखाद्या चांगल्या दिवसासाठी.

५

बुधवारी ती भाजी घेऊन परतली तर शेजारच्या यमुताई फाटकाशीच भेटल्या.

"काय वं प्रेमिला, कालपासून लय खुशीत आहा नवरा-बायको. आताही किती हसून राहिले होते दोघं. मी म्हटलं, या वयात असं काय सापडलं बाप्पा!"

"आता?" प्रेमिला म्हणाली. "मी तं बाजारात होते यमुताई."

"मग माझे कान बाजारात गेले असतीन," यमुताई हसून म्हणाल्या. "तुझा आवाज मले नाही का माहीत?"

घरात कृष्णकांत हेडफोन लावून बसले होते. दुसरा हेडफोन समोरच्या खुर्चीवर पडलेला. टीव्ही बंद. ते गाणी ऐकत असतील, आणि यमुताईंना गाण्यातल्या बाईचा आवाज आला असेल. हेच असणार. तिनं कप्पा उघडून पाहिला. आत कॅसेट नव्हती.

गुरुवारी तिनं बटण दाबलं आणि काय बोलावं याचा विचार करत होती, तेवढ्यात कृष्णकांत म्हणाले, "हाव ना. आठवते तं."

"काय आठवते?"

ते हसले. तिच्याकडे बघत होते, पण तिच्या प्रश्नाला ते हसणं नव्हतं. "तिथंच होतं ते. कडुलिंबाखाली."

प्रेमिलानं अंगठा उचलला. आता माइक बंद झाला, आता त्यांना काहीही ऐकू येणं शक्य नव्हतं. तिच्या कानात तर मघापासून काहीच नव्हतं. दोन्ही हेडफोन आतून एकाच तारेवरचे. जे तिला येतं तेच त्यांना येतं. हे तिनंच शेकडो लोकांना समजावून सांगितलं होतं.

"मग काहून नाही गेलो आपण?" कृष्णकांत म्हणाले. थोडं थांबले. मान हलवली. "हे बाकी खरं आहे तुझं."

तिनं पाटी ओढली. अक्षर वाकडं आलं. "मी काही बोलले नाही."

त्यांनी पाटी वाचली, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा पाटी वाचली. "मजाक नको करू वं. मग कोण बोलून राहिलं?"

तिनं बटण दाबलं आणि माइकजवळ तोंड नेऊन जोरात म्हणाली, "अहो! मी बोलते आता! मी, प्रेमिला!"

कृष्णकांतांनी कपाळाला आठ्या घातल्या. हेडफोन कानावर दाबून धरला.

"पहा," ते म्हणाले, "मधातच खरखर येते."

६

शुक्रवारी प्रेमिला दिवसभर कामात बुडाली. भांडी घासली, कूलरचं पाणी बदललं, धुतलेल्या चादरी पुन्हा धुतल्या. म्हातारपणी माणसाच्या मनाला असे भास होतात, तिनं ऐकलं होतं. डॉक्टरला दाखवावं. पण यमुताईंच्या कानांना काय झालं होतं? आणि कृष्णकांत जेवणात, औषधात, पैशाच्या पाकिटात, कुठंच चुकत नव्हते. भास झालेला माणूस असा प्रसन्न दिसतो का? तीन वर्षांत दिसले नव्हते इतके ते प्रसन्न दिसत होते. हेच तिला सगळ्यात जास्त खुपत होतं, आणि ते खुपतं म्हणून स्वतःची लाजही वाटत होती.

शनिवारी पाच वाजले. तिनं चहा दिला, कूलर बंद केला, पाटीवर लिहिलं, "तुम्ही बसा, मी येते." कृष्णकांतांनी पाटीकडे बघितलं नाही. हेडफोन त्यांनी आधीच लावला होता.

ती मागच्या खोलीत गेली. मधल्या दाराला पडदा. खिडकीतून पाचचं ऊन सरळ टेबलावर पडलं होतं आणि त्या उन्हात तो तीन भोकांचा हारुमी होता. त्यात सेल नव्हते. माइक नव्हता, तो तिनंच काढून दुसऱ्यात घातला होता. पट्टाही सोडवून बाजूला ठेवलेला. नुसतं रिकामं खोकं.

तिसरं भोक कशासाठी असेल, याचा विचार ती चार दिवस करत होती. एक नवऱ्यासाठी, एक बायकोसाठी. तिसरं ज्याला बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे, त्याच्यासाठी. म्हणून चित्र नाही. ऐकणारा कोण आहे ते बनवणाऱ्यांना माहीतच नव्हतं.

काही व्हायचं नाही, तिनं स्वतःला बजावलं. सेल नसलेल्या यंत्रातून आवाज येत नाही. टेबलावरचा तपासणीचा हेडफोन तिनं डोक्याला लावला आणि पिन तिसऱ्या भोकात घातली.

*टक.*

कानात एक खोली उघडली. दुसरं काही म्हणता येणार नाही. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, तिपाईवर कप ठेवल्याचा आवाज, कृष्णकांतांचं घसा खाकरणं. पुढची खोली. आणि मग कुणीतरी बोलता बोलता थांबलं आणि म्हणालं,

"अहो, कोणीतरी ऐकून राहिलं."

तो आवाज प्रेमिलाचा होता.

"ऐकू दे ना वं," कृष्णकांत म्हणाले. ते तिला दोनदा ऐकू आलं, कानात आणि पडद्यापलीकडून. "आपल्या बुढ्ढा-बुढ्ढीचं कोणाले पडलं आहे?"

प्रेमिला श्वास रोखून बसली होती. तिचं तोंड किंचित उघडं होतं. ते तिच्या लक्षात आलं आणि तिनं ते मिटून घेतलं.

हे मंगळवारचं बोलणं आहे, ती मनात म्हणाली. कुठंतरी भरून राहिलं असेल, आता वाजतं आहे. पण या यंत्रात आवाज भरून घेण्याची सोय नाही. कोणत्याच खेपेत नाही.

"मग एक गोष्ट सांगू का?" तो आवाज म्हणाला. अगदी हळू, लाजत. "हससान नाही तं सांगते. त्या दिवशी चप्पल तुटली नव्हती."

"मग?"

"मीच तोडली होती. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून, ओढून ओढून. डबा देऊन लगेच परत जा लागलं असतं ना. तुमच्याजवळ बसाचं होतं मले."

मग कृष्णकांत हसले, पोटातून, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. ते कसे हसत असतील ते प्रेमिलाला न बघता दिसलं. या हसण्यासाठी तिनं ती गोष्ट एकतीस वर्षं जपून ठेवली होती.

"अहो!" ती ओरडली. "अहो, ती मी नाही! मी इकडे आहे!"

"खरखर झाली पहा," कृष्णकांत म्हणाले. "बोल ना वं तू. बोल."

तिनं उठून पडदा बाजूला केला.

कृष्णकांत पुढे झुकून बसले होते, हात गुडघ्यांवर, लग्नातल्या फोटोत होता तसा चेहरा. तिपाईवर यंत्र. नारिंगी बटण खाली गेलेलं होतं, आणि त्यावर कुणाचा अंगठा नव्हता. समोरची खुर्ची रिकामी होती. खुर्चीच्या पाठीच्या थोडं वर, बसलेल्या बाईचं डोकं जिथं येईल तिथं, दुसरा हेडफोन होता. हेडफोनची पत्र्याची पट्टी सोडली की मिटते, दोन्ही फोम एकमेकांना चिकटतात. ती पट्टी फाकलेली होती. दोन्ही फोम बाहेरच्या बाजूला दाबले गेले होते, आणि पट्टी हळूहळू, कुणी वळून बघावं तशी, पडद्याकडे वळत होती.

प्रेमिलाच्या डोक्यावरचा हेडफोन तारेला हिसका बसून निसटला, पिन भोकातून बाहेर आली. पुढच्या खोलीतला हेडफोन खुर्चीवर पडला. पट्टी मिटली. नारिंगी बटण टपकन वर आलं.

"काय झालं?" कृष्णकांतांनी विचारलं, रिकाम्या खुर्चीला.

७

तिनं खुर्चीवरचा हेडफोन उचलला. फोम गरम होता. उन्हाळा होता, सगळंच गरम होतं, पण त्याला सुंठेचा वास येत होता.

बाकीचं तिनं न थांबता केलं. चार टाके सोडवले, माइकची पट्टी काढली, तीन भोकांच्या हारुमीत परत बसवली, पट्टा घातला, झाकण लावलं. तिसऱ्या भोकात कापूस कोंबला. खोक्यात ठेवून खोका चिकटपट्टीनं चारी बाजूंनी बंद केला. विक्रमला फोन केला, "उद्या सकाळी नक्की ये. लवकर ये." त्यानं विचारलं, "काही हलवलं नाही ना काकू?" ती म्हणाली, "सगळं जागेवर आहे."

कृष्णकांत हे सगळं बघत होते. ती पाटी घेऊन त्यांच्यासमोर बसली, त्याच खुर्चीत. आता यांना माझा आवाज कधीच ऐकू येणार नाही, हे तिला कळत होतं. जन्मभर ही पाटी. वळवलेली खुर्ची. तिनं ठरवलं की चालेल. निदान ती शांतता दोघांची असेल.

तिनं लिहिलं, "चप्पल मीच तोडली होती."

कृष्णकांतांनी वाचलं. "हाव, आताच तं सांगितलं तू," ते म्हणाले, आणि पाटी बाजूला ठेवली.

त्या रात्री दोघं जेवली. तिनं गॅसची चावी बंद केली, खोका पलंगाखाली ढकलला आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला प्रेमिला उठली, तेव्हा चहा झालेला होता. खोका पलंगाखालीच होता, चिकटपट्टी जशीच्या तशी. कृष्णकांत पुढच्या खोलीत त्यांच्या खुर्चीत बसून हळू आवाजात बोलत होते आणि त्यांच्या कानांवर काहीही नव्हतं. तिनं दारातून हाक मारली. त्यांनी कानाशी हात हलवला, माशी हाकलावी तसा. तिपाईवर सुंठेच्या चहाचे दोन कप होते, एक त्यांच्यापुढे आणि एक समोरच्या खुर्चीपुढे. प्रेमिला पडदा धरून उभी राहिली आणि ऐकत राहिली.